सेक्टर दोन ते उतई : घट शून्य

माझी नोकरी वजनकाट्यावरची. कारखान्याच्या स्क्रॅप यार्डात भंगाराची गाडी आली की ती आधी भरलेली तोलायची, माल उतरला की रिकामी तोलायची, आणि दोन्हींतला फरक तो खरा माल. पाठवणाऱ्यानं आपल्या काट्यावर केलेलं वजन चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं. आमचं वजन त्याच्याशी तंतोतंत कधीच जुळत नाही. वाटेत पाणी वाळतं, गंज झडतो, खड्ड्यात एखादा तुकडा उडून जातो. या कमी भरण्याला आम्ही घट म्हणतो. घट किती चालेल याचे नियम आहेत. घट असूच नये असा नियम कुणी केला नाही, कारण तसं होतच नाही. काट्यावर बसून बसून माझं पक्कं मत झालं होतं की एका जागेहून दुसऱ्या जागी नेलेली कोणतीही वस्तू वाटेत थोडीतरी सांडते.

माझे बाबा याच कारखान्यात खलाशी होते. जहाजावरचे नव्हेत. आमच्याकडे खलाशी म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधणारा, आणि खाली उभं राहून वर केबिनमधल्या ऑपरेटरला हातांनी खुणा करणारा. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आत यंत्रं चालतात तिथं, गोंगाट इतका की ओरडण्याचा उपयोग नाही. तर्जनी वर धरून गोल फिरवली की उचल. खाली धरून फिरवली की उतरव. एका हाताची खूण चालू असताना दुसरा तळवा तिच्यावर स्थिर धरला की हळू. आणि माल नीट बसला, आता काही हलवू नका, हे सांगायला दोन्ही हात पोटापाशी एकात एक गुंतवायचे.

भंडाऱ्याकडची शेती सोडून आलेल्या या माणसाला बोलायची हौस मुळातच कमी, त्यात नोकरी अशी. घरीसुद्धा ते हातांनीच बोलत. ताटात भात पडायला लागला की हळूची खूण, पुरेसा झाला की हात गुंतवलेले. आई चिडायची.

"मी का क्रेन हावो? तोंडानं बोलाले का होते तुमाले?"

ते तोंडानं भरभरून बोलले ते एकदाच. निवृत्त झाले त्या संध्याकाळी. रिवाजाप्रमाणे शॉपमधली माणसं त्यांना हार घालून, बाजा वाजवत क्वार्टरपर्यंत घेऊन आली. तेव्हाचं आमचं क्वार्टर खालचं होतं, पुढं अंगण होतं. माझ्या मेव्हण्याकडे टेपचा व्हिडिओ कॅमेरा होता, तो त्यानं स्टूलवर ठेवून चालू केला आणि विसरला. बाबा खुर्चीवर बसले आणि गावापासून शॉपपर्यंतचं सगळं सांगत सुटले. ती टेप पुढं कधीतरी माझ्या बायकोनं आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून जे काही उरलं ते त्या एका फाइलमध्ये.

आई आता धाकट्या भावाकडे उतईला असते. मागच्या थंडीत कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान गेलेला आहे, उजवाही उतरतो आहे, आणि मशीन लावलं तरी पहिल्यासारखं होणार नाही. भावानं हे तिच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग त्यायचं बोलणं एक डाव ऐकवून दे मले. हा कान हाय तवपर्यंत."

एवढंच काम होतं. सेक्टर दोनमधल्या आमच्या घरची फाइल भावाच्या उतईच्या लॅपटॉपवर पोचवायची. आईला आमच्या तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांमुळे चढता येत नाही, आणि आमचा कॉम्प्युटर इतका जुना की त्याचा पंखा जात्यासारखा घरघरतो. तो उचलून स्कूटरवर न्यायची माझी हिंमत नव्हती.

बायको शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते. ती म्हणाली, "मोबाइलवरून पाठवून द्या ना. सारी दुनिया पाठवून राहिली."

"पाठव. पण पोचते किती ते मले पाहू दे."

पाठवली. मी भावाला फोन करून विचारलं, फाइल किती भरली? त्यानं पाहून सांगितलं, एकोणसाठ एमबी. आमच्याकडे ती पावणेसहा जीबी होती. मी कागदावर भागाकार केला. शंभर किलोतला एक किलो पोचला होता.

"अहो, दिसते ना चित्र? आवाज येते ना? मग झालं!"

चित्र दिसत होतं. पण बाबांचा चेहरा ओल्या साबणासारखा झाला होता, आणि हात हलले की बोटं पंजात विरघळून जात होती. नव्व्याण्णव टक्के घट मी काट्यावर कुणाची चालवून घेतली नसती, मग बाबांची कशी चालवून घेऊ?

तेव्हा आधी घरात होता तो पेनड्राइव्ह काढला. डबीवर बत्तीस जीबी लिहिलेलं, कॉम्प्युटरवर दिसत होते एकोणतीस पॉइंट आठ. इथंच माझी भुवई वर गेली, पण म्हटलं असो, माल तर सहाच्या आत आहे. बायकोनं फाइल टाकायला घेतली, तर कॉम्प्युटर म्हणाला की फाइल फार मोठी आहे.

"एकोणतीस रिकामे असून सहा बसत नाहीत?"

"त्याची मांडणी जुन्या पद्धतीची हाय. चार जीबीच्या वरचा एक सलग तुकडा तो घेतच नाही. मी फाइल मधातून कापून दोन करून देते."

मला हे लगेच समजलं, कारण आमच्या यार्डात रोज तेच होतं. भट्टीत माल टाकायच्या लोखंडी पेटीत कितीही जागा असो, लांब गर्डर आडवा येतो; गॅसकटरनं तोडल्याशिवाय तो पेटीत जात नाही. पण मी आयुष्यभर तोडलेलाच माल तोलला होता. बाबा एका दमात एकदाच बोलले होते. त्यांना मधातून कापायचं, तर कुठं कापायचं हे कोण ठरवणार?

"कापायचं नाही," मी म्हणालो.

"मग मांडणी बदलून देते. दोन मिनिटाचं काम हाय."

"त्यातलं काय काय जाईल?"

"सगळंच जाईल. रिकामा करावा लागते."

त्या पेनड्राइव्हमध्ये तिच्या शाळेचे कागद होते, आणि ती ते दुसरीकडे ठेवायला निघाली तेवढ्यात मी चपला घातल्या. खरं सांगायचं तर काम त्यातही झालं असतं. पण ही वस्तू कशात जाते, कशानं टिकते, हे समजल्याशिवाय ती मी रवाना करणार नव्हतो. माझा स्वभाव तसा आहे, आणि घरच्यांनी तो सोसला आहे.

सुपेल्याच्या बाजारात एक दुकान आहे. दुकानदारानं काचेवर दोन वस्तू ठेवल्या. एक काळी, पत्त्यांच्या जोडाएवढी, हातात जड. दुसरी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी आणि इतकी हलकी की मला वाटलं नमुन्याची रिकामी डबी आहे.

जड वस्तूवर एक टीबी लिहिलं होतं. मी म्हटलं लावून दाखवा. लावली. नऊशे एकतीस जीबी.

"हजारात एकोणसत्तर कमी," मी म्हणालो. "एवढी घट तर ओल्या कोळशातही कोणी धरत नाही."

तो हसला. "सर जी, माल कम नहीं है, गिनती अलग है. कंपनी हजार को हजार गिनती है. कॉम्प्युटर एक हजार चौबीस को हजार बोलता है."

मी त्याच्याकडून कॅल्क्युलेटर मागून घेतला. हजाराला एक हजार चोवीसनं एकदा भागलं. केबी, एमबी, जीबी अशा तीन पायऱ्या, म्हणून आलेला भागाकार त्यालाच आणखी दोनदा गुणला, आणि शेवटी हजारानं गुणलं. नऊशे एकतीस आले. मी पुन्हा केलं. पुन्हा नऊशे एकतीस. मागचं गिऱ्हाईक चुळबुळ करत होतं, पण मला हलवेना. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी घट भेटली होती जिच्यात काहीच हरवलेलं नव्हतं.

मग मी विचारलं की ही जड का.

"इसमें अंदर प्लेट है. घूमती है. उस पर छोटे छोटे चुंबक से लिखा जाता है."

चुंबक म्हटल्यावर मी हात मागे घेतला. आमच्या काट्यासमोरच यार्डाची मॅग्नेट क्रेन चालते. तिच्या हुकाला बैलगाडीच्या चाकाएवढं गोल चुंबक टांगलेलं असतं. करंट सोडला की पत्रे, रूळ, तुटलेले गिअर, सगळं उडून त्याला चिकटतं. करंट तोडला की धडाम करून खाली. मी दुकानदाराला विचारलं, मग मी हिची वायर काढली तर आतलं सगळं पडणार नाही का?

"नहीं गिरता, सर. वैसा का वैसा रहता है."

"कसं राहील? करंट तर गेला."

त्याला ते सांगता येईना, आणि तो बिचारा तरी कुठून सांगणार. उत्तर मला परतताना स्कूटरवर सुचलं. मॅग्नेटचा करंट तोडल्यावर सगळा माल पडतो हे खरं नाही. मोठा माल पडतो. चुंबकाच्या तोंडाला लोखंडाचा थोडा चुरा, एकदोन खिळे चिकटूनच राहतात. ऑपरेटर त्याला उरलेलं चुंबक म्हणतात आणि वैतागतात, कारण काटा तेवढा फरक दाखवतो. मीही त्यावर कितीदा बोललो आहे. आणि इथं कुणीतरी त्या उरलेल्या चिकटपणावरच सगळी भिस्त ठेवून, नखाएवढ्या जागेत कोट्यवधी चुंबकं मांडली होती. करंट गेल्यावर जे राहतं तेवढंच त्यांनी कामाला लावलं. ग्लोब चौकाच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी मी तसाच उभा होतो, मागून हॉर्न वाजले.

पण हे पुढचं झालं. दुकानात मी हलक्या डबीबद्दलही विचारलं होतं. तिच्यात फिरणारं काही नाही, चुंबकही नाही.

"मग धरून कशानं ठेवते?"

"करंट के दाने समझ लो, सर. बारीक बारीक खाने हैं, उसमें बंद. गिर जाए, धक्का लगे, कुछ नहीं होता. बस सालों साल ऐसे ही अलमारी में मत छोड़ना. बीच बीच में लगा लिया करो."

करंटचे दाणे. कणगीत धान ठेवावं तसे. मी ती डबी कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही.

आता निवड माझ्यापुरती सोपी झाली. उतईच्या रस्त्यावर गतिरोधक मोजायला बसलं तर माणूस पोचणार नाही. फिरणाऱ्या प्लेटला धक्का सोसत नाही, म्हणून ती प्रवासाला नको. ती घरी बसून राहायला चांगली. हलकी डबी वाटेला चांगली, पण वर्षानुवर्षं विसरून जायला नाही. आमच्या कामात ट्रक वेगळा आणि गोदाम वेगळं असतं. ट्रकमध्ये कोणी माल साठवत नाही आणि गोदामाला कोणी चाकं लावत नाही. मी दोन्ही घेतल्या.

बायकोनं त्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहून दोन्ही हात पोटापाशी गुंतवले. म्हणजे पुरे. सासऱ्यांची ही खूण ती माझ्यावर नेहमी वापरते.

"एका फायलीसाठी दोन डबे! आता आणखी काही राहिलं का?"

राहिलं होतं. भरण्याआधी रिकामं वजन.

दुर्गला आमच्या ओळखीचे एक मराठी सराफ आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. त्यांचा काटा मिलिग्रॅम दाखवतो. मी ती हलकी डबी त्यांच्या पारड्यात ठेवून वजन घेतलं, घरी येऊन फाइल भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

"कालचीच ना ही?" त्यांनी विचारलं.

"काल रिकामी होती. आज भरली आहे."

"कशानं?"

"बाबांच्या बोलण्यानं."

ते हसले नाहीत. फुंकर मारून पारडं साफ केलं, पंखा बंद करायला लावला, मग डबी ठेवली. काल होता तोच आकडा, शेवटच्या घरापर्यंत. त्यांनी उचलून पुन्हा ठेवली. तोच आकडा. दोघंही त्या लाल अंकांकडे पाहत राहिलो. एक अख्खं अंगण, खुर्ची, हारांचा ढीग, बाजावाले, तासभराचं बोलणं, हे सगळं आत गेलं होतं आणि पारडं जागचं हललं नव्हतं.

"वजन तर नाही. मग याची घडाई, मजुरी, किती लागली?" शेवटी सराफ म्हणाले, आणि डबी मखमलीच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. मी पिशवी परत करू लागलो तर म्हणाले, "राहू द्या. असं उघडं नेऊ नका."

रविवारी उतईला गेलो. डबी शर्टाच्या आतल्या खिशात. भावाच्या लॅपटॉपला ती लावली, फाइल उतरवून घेतली, आणि भाऊ व्हिडिओ सुरू करायला गेला तर मी त्याचा हात धरला.

"थांब. आधी वजन."

"दादा, आता काय बाकी राहिलं?"

पाठवणाऱ्याच्या काट्यावरचं आणि घेणाऱ्याच्या काट्यावरचं वजन जुळवल्याशिवाय आमच्याकडे पोच देत नाहीत. मी बायकोला फोन लावला. ती सेक्टर दोनला कॉम्प्युटरसमोर बसली. फाइलवर राइट क्लिक केलं की तिचा आकार जीबीत दिसतो, आणि शेजारी पूर्ण आकडा, एकेका बाइटपर्यंत.

"सहा अब्ज," ती म्हणाली.

"सहा अब्ज. पुढं."

"अठरा कोटी चाळीस लाख."

"आहे."

"सत्तावीस हजार. भाजी करपून राहिली हो इकडं."

"आहे, आहे. शेवटचे तीन?"

"तीनशे ब्याण्णव."

माझ्यासमोरच्या पडद्यावर तीनशे ब्याण्णव होते.

सहा अब्ज दाणे पोत्यात भरून, स्कूटरवरून, इतके गतिरोधक ओलांडून आणले आणि एक दाणा सांडला नव्हता. एकही. नोकरीत असा आकडा जुळला असता तर मी काटा बिघडला म्हणून तक्रार लिहिली असती. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हटलं, लाव.

आईला लॅपटॉपसमोर बसवलं, उजव्या कानावर हेडफोन घट्ट बसवला, आवाज पूर्ण वाढवला. बाबा अंगणात खुर्चीवर दिसले. स्वच्छ. गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्या दिसत होत्या. त्यांचे ओठ हलू लागले.

आई पुढं वाकली. थोडा वेळ ऐकत राहिली, मग डोळे बारीक केले, हेडफोन हातानं आणखी दाबला.

"काय म्हणून राहिले ते? भुणभुण होते नुसती."

भावानं कानातलं मशीन काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं, हेडफोन डाव्या कानालाही लावला. आई मान हलवत होती. "आवाज हाय. शब्द नाई." थंडीपासून आतापर्यंत कान आणखी उतरला होता आणि तो कुणी तोलला नव्हता. मी घट नसलेला माल आणला होता, आणि उतरवायची जागाच राहिली नव्हती. भाऊ लॅपटॉप बंद करायला पुढं झाला.

"राहू दे," आई म्हणाली.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. ती बाबांच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे अजून चांगले आहेत. ती हात पाहत होती. बाबा बोलता बोलता, सवयीनं, प्रत्येक वाक्याबरोबर खुणा करत होते. मी ती टेप कितीदा पाहिली असेल, माझं लक्ष कायम बोलण्याकडे.

"उचललं," आई म्हणाली. बाबांची तर्जनी वर फिरत होती. "हळू. हळू म्हणून राहिले. मोठा माल असन." मग हसली. "हा नवा पोरगा होता ना वरतं, हा त्याचा किस्सा हाय. तो ऐकेच ना. पाहा, पाहा, कसे चिडले."

किस्सा तोच होता. मी आवाज ऐकत होतो आणि ती आवाजाशिवाय एकेक ओळ बरोबर सांगत होती. बोटाची पेरंसुद्धा वेगळी दिसत होती. मोबाइलवरच्या त्या एका टक्क्यात याच बोटांचा गोळा झाला होता. फाइल संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, चहा निवला. घरी इतकी वर्षं जिच्यावर ती चिडायची, ती भाषा तिला अक्षरन्‌अक्षर येत होती, आणि त्या भाषेला कानाची गरज नव्हती.

शेवटी बाबा खुर्चीवरून उठतात आणि टेप संपते. पडदा काळा झाला. आईनं माझ्याकडे वळून पाहिलं, आणि दोन्ही हात पोटापाशी एकात एक गुंतवले.

फोन अजून चालूच होता, खिशात. बायको केव्हाची विचारत होती, "अहो, पोचलं का? आई काय म्हणाल्या?"

मी फोन कानाला लावला. मोकळा हात आपोआप पोटापाशी गेला. एक हात फोन धरण्यात गुंतलेला, आणि त्या खुणेला दोन्ही हात लागतात.